ऋताचा सव्वाअकराचा फोन

"नेट गेलां माझां... आणि माझी चांदी बाजारात अडाकली आसा."

दारात उभा राहून तो एवढंच म्हणाला. केस पावसाने निथळत होते. अंगात नुसता बनियन, आणि शर्टात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरलेला. देवबागात आमचं इंटरनेटचं छोटं ऑफिस आहे. वायर तुटल्याच्या तक्रारी रोज येतात, चांदीची पहिलीच.

"बस," मी म्हटलं.

आमच्या नेटवर पाच मिनिटांत त्याने ती चांदी विकली आणि मान वर करून इतकं निवांत हसला की हातातला टॉवेल द्यायचंच मी विसरले.

तो निहार. मूळचा वालावलचा, इथे खोली घेऊन चांदीचे सौदे करायचा. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी येऊन बाजार बंद होईपर्यंत बसायला लागला.

"तुझां नेट बरां आसा, नीरजा."

"फक्त नेट?"

"चायपण बरी."

"आणि?"

"बाजार चालू आसा... मगे सांगतंय."

आपला बाजार रात्री साडेअकराला बंद होतो, परदेशातला रात्रभर चालतो. तिकडे भाव कोसळला तर सकाळपर्यंत नुसतं बघत बसायचं. म्हणून बंद व्हायच्या आधी ठरवायचं — रात्रीसाठी किती चांदी ठेवायची. आणि ते ठरवायची ऋता. कुडाळची, त्याची भागीदार. सव्वाअकराला तिचा फोन यायचाच.

"अर्धी कमी कर," ती म्हणायची.

"करतंय गो."

तो 'गो' मला टोचायचा. दाढी कर म्हणून मी पंधरा दिवस सांगत होते, तर हसण्यावारी नेत होता. आणि तिचा एक शब्द...

"दिसता कशी ती?" एकदा मी विचारलं.

"बरी दिसता." मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आमचां लगीन ठरलां होतां. मोडलां. धंदो तेवढो रवलो."

त्या दिवसापासून रोज सव्वाअकराला माझा जीव वर-खाली व्हायचा. चांदीमुळे नव्हे.

ऑक्टोबरातल्या त्या रात्री अमेरिकेतून व्याजदराची मोठी बातमी येणार होती; तिच्यावर चांदीचा भाव हलणार होता. तीन रात्रींचं जागरण झालेला निहार खुर्चीतच झोपला. फोन माझ्यापाशी चार्जिंगला होता. सव्वाअकराला पडद्यावर नाव उजळलं — ऋता.

मी आवाज बंद केला. दमलाय, झोपू दे, असं स्वतःला सांगितलं. नाव पुन्हा उजळलं... आणि पुन्हा. मी बघत राहिले. साडेअकरा वाजले.

पावणेबाराला तो दचकून उठला. फोन बघितला. "वाजलो कसो नाय?"

रेंज गेली होती, म्हणता आलं असतं. माझ्यावर त्याने विश्वासही ठेवला असता.

"मी बंद केलंय," मी म्हणाले. "माका... तिचां नावच बघवत नाय."

परदेशातला भाव घसरत होता. आम्ही रात्रभर समोरासमोर बसलो; चहा थंड झाला, कुणी उचलला नाही. सकाळी नऊला बाजार उघडला तो खालीच. त्याने सगळी चांदी विकली. चार महिन्यांची कमाई गेली होती — दोघांचीही.

त्याने ऋताला फोन लावला. "चूक माझी. झोप लागली."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "ऋता, मी नीरजा. तुमचो फोन मी मुद्दाम उचलूक नाय."

पलीकडून ती म्हणाली, "आवडता तर तेका सांग ना गो. माझो फोन कित्याक अडवतंस?" आणि फोन ठेवला.

निहार लॅपटॉप उचलून गेला. दोन दिवस आलाच नाही. कुडाळला गेलाय, एवढं कळलं. तिच्याकडेच. त्या दोन दिवसांत मी गावातल्या तीन चांगल्या वायरी तोडून पुन्हा जोडल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. रिकाम्या हाताने.

"काय म्हणाली?" मी मान वर केली नाही.

"खूप बोलली. भागीदारी ठेवल्यान. पण आता रात्रीसाठी काय्येक ठेवूचां नाय. साडेआठाक सगळां बंद."

"आणि माझां?"

"तिचां काय तां तूच बघ, म्हणाली माका." तो टेबलावर ओणवला. "मी बघलंय. साडेआठानंतर माका खंयच जावचां नाय, नीरजा. आज नाय... उद्यापण नाय."

माझ्या हातातली वायर निसटली. त्याने ती उचलली नाही. माझा हात धरला.

"कसली साडी नेसलेली?" मी विचारलं.

"कोण?"

"ऋता."

"बघूकच नाय."

"खोटां."

"निळी," तो म्हणाला, आणि मी हात सोडवायच्या आत घट्ट धरला.