दारावरचं साल

न्याहारीच्या वेळी दगड दारावर होता. जेवणाच्या वेळी तिथे नुसती खाच होती.

हॉटेलमालकाने फौजदारबाईंना फोन केला, तो घरचं माणूस हरवल्यासारखा. दगडावर हॉटेलचं हे दगडी घर बांधल्याचं साल कोरलं होतं, तीनशे वर्षांपूर्वीचं. खोल्यांचे दरही त्या सालाला शोभतील असेच होते.

"उद्या तज्ज्ञ येणार होते, दगड उतरवून तपासायला," मालक म्हणाला. "हे पहारेकऱ्याचंच काम. तीन भाऊ आहेत त्याला. अख्खा चिरा तो, चौघांशिवाय हलायचा नाही. संध्याकाळपर्यंत काढून टाकतो याला."

अकरा वर्षं नोकरी केलेला पहारेकरी मान खाली घालून उभा होता.

"कोण आलं होतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"परकं कोणी फिरकलं नाही, बाई."

म्हातारा पाथरवट आठवडाभर भिंतीच्या दरजा भरत होता. त्याच्याच शिडीवर बाई चढल्या. खाच जेमतेम दोन बोटं खोल होती.

मग त्या आत फिरल्या. खिडक्या डोक्याच्या वर.

"शत्रूचे बाण लागू नयेत म्हणून," मालक म्हणाला. "सेनापतीचा महाल होता."

सेनापतीच्या शयनगृहाच्या दारातून भरलेली गाडी सहज गेली असती. भिंतींना खालून पांढरा, भुकटीसारखा लोणा फुटला होता.

"आणि हे?"

"पुरातन ओल."

बाहेरच्या नव्या पायरीच्या कडेला पाखराच्या पावलासारख्या तीन रेघा होत्या. पाथरवट जवळच बसून छिन्नी पुसत होता. छिन्नी कधीचीच स्वच्छ झाली होती.

"आजोबा, ही खूण तुमची?"

"माझी. गुरूने लावलेली सवय. पायरीला कडेला, भिंतीतल्या दगडाला पाठीला."

"प्रत्येक दगडाला?"

"खूण नाही तो दगड माझा नाही."

"मग दारावरच्या सालाच्या पाठीला काय आहे?"

पुसणारा हात थांबला.

बाईंनी मालकाला आणि पहारेकऱ्याला दाराशी बोलावलं.

"पहारेकरी खरं बोलला. परकं कोणी आलंच नाही. शिडीवरचा पाथरवट रोजचा, त्याच्याकडे कोण बघतं? तो चिरा नव्हता, पातळ फरशी होती. एकट्याने निघणारी. हे लावणाऱ्यालाच ठाऊक. उद्या तज्ज्ञांनी ती उलटली असती, तर तीनशे वर्षांच्या पाठीवर आजोबांची खूण निघाली असती."

"मग हे घर?" मालकाने विचारलं.

"मिठाचं गोदाम. उंच खिडक्या, गाडीची दारं, भिंतीत अजून मीठ. सेनापती आलाच असेल, तर पोतं न्यायला."

पाथरवट उठून पुढे आला.

"तुमच्या वडिलांनी सांगितलं, मी कोरलं," पाथरवट मालकाला म्हणाला. "तीस वर्षं झाली. तेव्हा काही वाटलं नाही. आज माझ्यासमोर याला चोर म्हणालात आणि मी छिन्नी पुसत बसलो. त्याची लाज वाटते."

त्याने चुन्याच्या पोत्यांमागून फरशी काढली. मालकाला पहारेकऱ्याच्या बुटांच्या वर बघवेना.

"आजोबा," तो पुटपुटला, "परत लावाल?"

"लावतो की." पाथरवटाने शिडीवर पाय ठेवला. "पण या खेपेला पाठ बाहेर."