झोपमोडचा भोंगा

"एक... दोन... तीन!" एव्हारिस्तो काकांनी मोटरसायकलवरची चादर फर्रकन ओढली आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांनी एकदम "ओऽऽ!" केलं.

काय दिसत होती ती! नायिबे आत्याची एकशे पंचवीस सीसीची जुनी मोटरसायकल ओळखूच येत नव्हती. मागे दोन्ही बाजूंना दोन लालभडक स्पीकरची खोकी. एकावर आग ओकणारा डोंगर, दुसऱ्यावर डरकाळी फोडणारा वाघ. आणि टाकीवर नारिंगी अक्षरांत नाव: झोपमोड!

"पंधराशे वॉट!" ॲम्प्लिफायरवरचं स्टिकर थोपटत काका म्हणाले. "नायिबे, आता नदीतले मासेसुद्धा तुझं ऐकतील!"

एव्हारिस्तो काका म्हणजे प्लातानाल गावाचा अभिमान. जत्रेत भिंतीएवढे रंगीत स्पीकर उभे राहतात ना, ज्यांचा ठोका कानात नाही तर थेट पोटात वाजतो, ते सगळे काकांच्या हातचे. आणि नायिबे आत्या म्हणजे गावाची दवंडी. कोण वारलं, कुणाचं गाढव हरवलं, मासळीची होडी कधी लागणार, हे गेली एकोणीस वर्षं आत्या मोटरसायकलवरून गावभर सांगत आली होती.

"आत्या, सुरू कर ना!" तेरा वर्षांची युर्लेनी उड्या मारत ओरडली.

आत्याने कळ दाबली. ढम्म! ढम्म! अंगणातल्या दोरीवरचे कपडे हलले. युर्लेनीचा दहा वर्षांचा भाऊ दाइरो तर तिथेच नाचायला लागला. त्यांचा मित्र केइनर मात्र वाकून तारा बघत बसला. त्याचं हे नेहमीचंच! घरातला एक रेडिओ त्याने धड ठेवला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी आत्या झोपमोडवर बसून निघाली. "बुधवारी सकाळी आठ वाजता धक्क्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची होडी येतेय होऽऽ! तपासणी फुकट!"

बुधवारी होडी आली. धक्क्यावर माणसं किती? अकरा! धक्क्याला लागूनच असलेल्या खालच्या आळीतून तर एकही नाही. केइनरची आजीही नाही, जिला हल्ली ताटातलं तळलेलं केळं कुठलं आणि मक्याच्या पिठाचा जाडसर अरेपा कुठला हे चाचपून बघावं लागत होतं.

डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, "शनिवारी परत जाताना आणखी एकदा थांबते. तेव्हाही गर्दी नसेल, तर पुढच्या वर्षी ही होडी दुसऱ्या गावाला जाईल."

आत्या तडक निघाली. घरी आली, मायक्रोफोन खिळ्याला अडकवला आणि खुर्चीत बसली. "शनिवारी माणसं आली नाहीत तर हा तिथेच राहणार. माझा आवाज म्हातारा झालाय, पोरांनो."

"तुझा आवाज? म्हातारा?" युर्लेनी उसळली. "तू हाक मारलीस की दाइरो झाडावरून पडतो!"

"एकदाच पडलोय!" दाइरो फणकारला.

"काहीतरी गडबड आहे," केइनर म्हणाला. "आजीला विचारलं मी. ती म्हणते, लांबून मोटरसायकलचा आवाज आला होता की! छान वाजत होती. शेजारच्या बायका बाहेर येऊन नाचल्यासुद्धा!"

युर्लेनीने डोळे बारीक केले. "नाचल्या? डॉक्टर येणार म्हणून?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सुट्टीला कालच कुठे सुरुवात झाली होती, आणि काम तर हातात येऊन पडलं होतं!

गुरुवारी सकाळी आत्याला विचारून त्यांनी झोपमोड चढावरच्या चर्चसमोर उभी केली. युर्लेनी मायक्रोफोनवर, केइनर घराघरापाशी खडूने खुणा करायला आणि दाइरो डोक्यावर बापाची वेताची टोपी घालून रस्त्यावर.

"शब्द कळले तर टोपी वर. नुसता आवाज आला तर नाच!" युर्लेनीने बजावलं.

"आणि काहीच नाही आलं तर?"

"तर गप्प उभा राहा. तुला जमेल का ते?"

युर्लेनीने कळ दाबून ठोका सुरू केला आणि मायक्रोफोन तोंडाशी धरला. आवाज गावभर जाणार होता ना! मग तिने खाकरून सुरुवात केली, "दाइरोने काल तीन केळी... नाही, तीन अरेपे चोरले होऽऽ!"

बेकरीपाशी टोपी वर! टोपीखाली दाइरोचा लाल झालेला चेहराही दिसला. न्हाव्याच्या दुकानापाशी टोपी वर-खाली, वर-खाली. पिवळ्या घरापाशी दाइरो नाचायला लागला. धक्क्यापर्यंत तो नाचतच गेला, आणि धक्क्यावरही नाचला!

"ठोका पोचतो, शब्द पोचत नाहीत!" केइनर धावत परत येऊन म्हणाला. "ही खोकी नाचासाठी आहेत गं! शब्द निम्म्या वाटेतच विरतात. वर त्यांची तोंडं मागे, आत्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडे. आणि हे बघ!" त्याने ॲम्प्लिफायरच्या तारेतला चिमुकला फ्यूज काढून दाखवला. "यावर काय लिहिलंय?"

"दहा."

"दहा ॲम्पियर. बॅटरी बारा व्होल्टची. गुणाकार कर."

"एकशे वीस वॉट!" युर्लेनी किंचाळली. "मग पंधराशे कुठून आले?"

"स्टिकरवरून!"

दोघं पोट धरून हसत सुटली. मग युर्लेनी एकदम गंभीर झाली. "आधी काय होतं या मोटरसायकलवर? तो राखाडी भोंगा! बादलीसारखा दिसतो म्हणून काकांनी काढला. कुठे गेला तो?"

भोंगा एव्हारिस्तो काकांच्या परसात, छपराखाली सापडला. त्यात गवत होतं आणि गवतावर काकांची सर्वांत खाष्ट कोंबडी बसली होती.

"मी नाही हं!" केइनर दोन पावलं मागे सरला. "मी फक्त तारा बघतो."

"भित्रा कुठला!" म्हणत युर्लेनीने हात घातला आणि पुढच्याच क्षणी "आई गंऽऽ!" करून बाहेर काढला. शेवटी दाइरोने खिशातले मक्याचे दाणे फेकले. बाईसाहेब उठल्या, ठुमकत गेल्या. युर्लेनीने चार कोमट अंडी अलगद टोपलीत ठेवली आणि खाली गवतही घातलं. कुणाचं घर असं हिसकावून घ्यायचं नसतं ना!

केइनरने घड्याळातला सेल भोंग्याच्या तारांना टेकवला. टक्!

"जिवंत आहे!"

"काय जिवंत आहे?" मागून जाड आवाज आला. एव्हारिस्तो काका! हातात रंगाचा ब्रश, भुवया कपाळात. "ती बादली? माझ्या खोक्यांपुढे?"

दाइरो केइनरच्या मागे लपला. युर्लेनी लपली नाही. "काका, तुमच्यासारखी खोकी अख्ख्या नदीकाठावर कुणी करत नाही. म्हणूनच तर पैज लावते! तुम्ही धक्क्यावर बसा, नदीकडे तोंड करून. एक वाक्य खोक्यांमधून, एक भोंग्यातून. दोन्ही लिहून आणा."

पैज म्हटल्यावर एव्हारिस्तो काका थांबतात होय? ब्रश ठेवून ते ताडताड निघाले.

केइनरने भोंगा चर्चच्या पायरीवर नदीकडे तोंड करून टेकवला. "आवाज चारच्या वर न्यायचा नाही! नाहीतर भोंग्याचा पडदा फाटेल."

युर्लेनी आधी खोक्यांमधून बोलली. मग तारा बदलून भोंग्यातून.

काका परत आले ते हळूहळू. हातातल्या कागदावर पहिल्या ओळीत फक्त लिहिलं होतं, "ठोका उत्तम." दुसऱ्या ओळीत होतं, "एव्हारिस्तो काकांची कोंबडी चावते, पण काका चावत नाहीत."

मग काकांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे गडगडून हसले की चर्चवरची कबुतरं उडाली!

"हरलो! गाणं आणि दवंडी यांत मी घोटाळा केला." केइनर भोंगा दोरीने मोटरसायकलला बांधायला लागला, तशा काकांनी बाह्या सरसावल्या. "पण भोंगा असा दोरीने बांधणार आहात होय? ही तार कुठून नेताय? सायलेन्सरवरून? दहा मिनिटांत वितळेल, शहाण्यांनो! आणा इकडे!"

काय हात चालत होते काकांचे! भोंगा पुढे, दिव्याच्या वर, किंचित आकाशाकडे. पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे खड्ड्यांत खडखडायचा नाही. तार टाकीखालून, फ्यूज बॅटरीला चिकटून. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून त्यांनी तार ताणत नाही ना ते तपासलं. केइनर पापणी न लववता बघत होता. मोठी खोकी उतरली, "जत्रेला लागतील!" म्हणून. झोपमोड हे नाव मात्र राहिलं.

"राखाडी मी ठेवणार नाही हं," काका पुटपुटले आणि भोंगा रात्रीपुरता घरी घेऊन गेले.

शुक्रवारी दुपारी तिघांनी आत्याला हाताला धरून बाहेर आणलं. भोंगा हिरवागार झाला होता, आणि त्याच्या तोंडाभोवती पंख पसरून बसली होती रंगवलेली एक झकास कोंबडी!

आत्याने हसू दाबलं. खिळ्यावरचा मायक्रोफोन काढला. डिसेंबरचा वारा सुटला होता, म्हणून ती आधी वारा जिकडून येत होता तिकडे, चर्चच्या चढावर गेली, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर नदीपर्यंत जाईल. "उद्या सकाळी आठ वाजता, डोळ्यांची तपासणी होऽऽ! ज्यांना दिसत नाही त्यांना हात धरून आणाऽऽ!"

टोपी बेकरीपाशी वर. न्हाव्यापाशी वर. पिवळ्या घरापाशी वर! आणि धक्क्यावर तर दाइरोने टोपी एवढ्या जोरात हवेत उडवली की ती नदीतच गेली.

शनिवारी होडी लागली, तेव्हा रांग धक्क्यावरून मासळीबाजाराला वळसा घालून चढापर्यंत गेली होती. डॉक्टरीणबाईंनी आत्याचा हात दाबला. "पुढच्या वर्षी दोन होड्या आणते. पण बोलावणार तुम्हीच!"

"माझा आवाज अजून चालतो म्हणायचा," आत्या म्हणाली. मायक्रोफोन तिने गळ्यात अडकवला होता. "आणि या तिघांचं डोकं त्याहून जास्त चालतं!"

"माझे शिकाऊ उमेदवार आहेत हे आजपासून," एव्हारिस्तो काका छाती फुगवून म्हणाले. "मला हरवणारे पहिलेच!"

तेवढ्यात केइनरची आजी होडीतून उतरली, नाकावर तपासणीचा जाडजूड चष्मा. तिने नातवाचा चेहरा बघितला, दोन्ही हातांनी कुरवाळला. मग तिची नजर झोपमोडवर गेली.

"अगंबाई! कोंबडी!" ती आनंदाने ओरडली. मग जवळ जाऊन तिने नीट निरखून बघितलं. "पण हिचा एक डोळा वाकडा काढलायस रे, एव्हारिस्तो!"