बूट काढून

"ओ म्याडम! बूट!"

कापसाच्या गंजीवर अर्ध्यापर्यंत चढलेली मी तिथंच थबकले. खाली एक उंच पोरगा कमरेवर हात ठेवून उभा होता. माझा फुटबॉल आमच्या मैदानावरून भिंत ओलांडून येऊन गंजीच्या शेंड्यावर ऐटीत बसला होता.

"काय झालं बुटाले?" मी तोऱ्यात विचारलं.

"कापसावर बूट घालून चढते का कोणी? लक्ष्मी हाये ते. हिंगणघाटचीच ना तू?"

बाई गं! आमच्या गावात शेंबडं पोरगंही कापसावर चढण्याआधी चपला काढतं, आणि मी चक्क खिळ्यांचे बूट घालून... पण चूक कबूल करीन तर मी पौर्णिमा कसली! कॉलेजच्या मुलींच्या टीमची कॅप्टन, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली कलर होल्डर.

"हौ, पण भिंत इतकी ठेंगणी काऊन बांधली तुम्ही?" म्हणत मी बूट काढले.

"भिंत ठीक हाये. तुह्या किकचं सरासरी अंतर चुकून राह्यलं."

सरासरी! बी.कॉम.च्या संख्याशास्त्रात मी दोनदा आपटले होते. आमचे कोच रूपराव सर रोज ऐकवायचे, "गोल केल्यानं डिग्री भेटत नाई. हा पेपर काढ, नाई तर ग्वाल्हेर विसर." ग्वाल्हेरला मला खेळाचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. कोच व्हायचं होतं. सगळं त्या एका पेपरवर अडलं होतं.

"संख्याशास्त्र येते तुम्हाले?" बॉल काखेत घेऊन मी हळूच विचारलं.

"एम.कॉम. झालं माहं. शिकवीन. पण एक अट हाये... मॅच आतून पाहू द्याची. भिंतीवरून पाहून मान दुखते."

म्हणजे हा आधीपासून पाहत होता! त्याचे कान लाल झाले. निकेश त्याचं नाव, कापसातली सरकी काढणाऱ्या या जिनिंग कारखानेवाल्यांचा धाकटा.

मग रोज प्रॅक्टिस संपली की मी जिनिंगच्या पायरीवर वही घेऊन बसायची. मी चिडायची, वही आपटायची. तो मात्र शांत.

"देवानं मले डोकं हेडर मारालेच देल्लं!"

"हेडर मारताना बॉल कुठं येईन हे आधीच समजते ना तुले? मंग हे बी समजन."

एकदा शिकवता शिकवता तो थांबला. माझ्या केसात कापूस अडकला होता. त्याचा हात पुढे आला... आणि मधेच थबकला.

"काढा ना," मी म्हणाले. त्या दिवशी पुढचं एकही गणित डोक्यात शिरलं नाही.

वर्ध्याच्या फायनलला मी शेवटच्या क्षणी गोल मारला, तेव्हा तो मैदानाबाहेर वेड्यासारखा नाचत होता. जूनमध्ये निकाल लागला. पास! ग्वाल्हेरलाही नंबर लागला. धावत जाऊन त्यालाच आधी सांगितलं. तो हसला, "अभिनंदन" म्हणाला, आणि त्यानंतर दिसलाच नाही. भिंतीवरसुद्धा नाही. मला इतका राग आला, इतकं रडू आलं...

जायच्या आदल्या संध्याकाळी मी मैदानावर एकटीच बॉल मारत होते. निकेश कडेला आला, वाकला, बूट काढले आणि अजून पाऊस न लागलेल्या वाळल्या गवतातून अनवाणी चालत निघाला.

"पागल झाला का तू? सराटे रुततीन ना!"

"हे मैदान म्हणजे तुही लक्ष्मी हाये ना," तो लंगडत म्हणाला. "बूट घालून कसं येऊ?"

माझा राग तिथंच वितळला. तरी म्हणाले, "इतके दिवस कुठं मेला होता?"

"मनातलं बोललो असतो तर... तू थांबली असती."

"मी? मी तर गेलीच असती बाप्पा!"

तो हसत सुटला. मग एकदम गंभीर झाला. "पौर्णिमा, मले तू लय आवडते. जा, कोच होऊन ये. मी इथंच हाये."

"मले बी तू आवडतो, गाढवा. बस खाली."

त्याचा पाय मांडीवर घेऊन मी एकेक काटा काढू लागले. तो ओय-ओय करत होता आणि माझ्याकडेच बघत होता.

"ग्वाल्हेरले येजो," मी म्हणाले. "पण बूट घालून येजो. तिथलं मैदान अजून माहं झालं नाई."