गारठलेली हाक

बिनतारी संदेशाची वारंवारता ठरवणारा क्रिस्टल स्वस्तातला वापरायचा म्हटल्यावर कंपनीतल्या साहेबांनी नाक मुरडलं होतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी हाकेचं बटण करायचं, तर ते सगळ्यांना परवडलं पाहिजे, हा इंजिनिअरबाईंचा हट्ट. त्यांचे वडीलच शेजारच्या खोलीत पडून होते. आवाज पार खोल गेलेला. पहिला नमुना वडिलांच्या मुठीत आणि रिसीव्हर बाईंच्या टेबलावर, अशी चाचणी घरातच चालू होती.

क्रिस्टलला एक खोड होती. गारठला की त्याची वारंवारता भरकटायची. बटणाचा संदेश शून्य-एकच्या भाषेत जायचा, शून्याला एक वारंवारता, एकाला दुसरी; म्हणून बाईंनी त्या दोहोंमधलं अंतर ऐसपैस ठेवलं होतं, आणि रिसीव्हरचं दारही तेवढंच रुंद. वाट थोडी चुकली तरी हाक आत यावी.

दुपारी रिसीव्हर वाजला. बाई धावल्या, तर वडील एका हातात पेपर धरून निवांत वाचत होते.

"मी कुठे दाबलं? तुझं यंत्र तुझ्यावरच गेलंय गं, उगाच धावपळ करणारं."

पुन्हा वाजला. पुन्हा तेच. रिसीव्हरवर उमटलेला क्रमांक त्यांच्याच बटणाचा. वारंवारता मात्र इतकी सरकलेली, की बटण बर्फात पुरलं असावं असं वाटावं. खोलीत हीटर चालू होता आणि बटण त्यांच्या मुठीत चांगलं ऊबदार होतं.

बाईंनी बटणातली बॅटरी काढून पाहिली. तरीही हाक आली, आधीपेक्षा गार.

त्या घाबरल्या नाहीत, वैतागल्या. अशाने वडिलांची खरी हाक ओळखायची कशी? त्यांनी दोन वारंवारतांमधलं अंतर घटवलं, दार अरुंद केलं. आता ऊबदार खोलीतलं बटण तेवढं ऐकू येईल. बॅटरी घालून वडिलांना दाबायला लावलं. वाजलं. मग मात्र शांतता. बाईंनी संध्याकाळपर्यंत मान वर न करता काम उरकलं.

औषध घेऊन त्या आत गेल्या. वडील जागेच होते.

"किती वेळ दाबत होतो. आली नाहीस."

"वाजलंच नाही हो, बाबा."

"असू दे. दुसरं कोणीतरी आलं."

बाई त्यांच्या मुठीतलं बटण घ्यायला गेल्या. बोटं झटकन मागे आली. बटण बर्फासारखं गार होतं, त्यावर दव साचलं होतं.

"कोण आलं?"

पलंगाशेजारी बाईंची नेहमीची खुर्ची होती. रिकामी. वडिलांना कूसही बदलता येत नसे. पण त्यांच्या पायांवरची शाल आता त्या खुर्चीवर होती, बसलेल्या कुणाच्या अंगावर घालावी तशी नीट पांघरलेली.

"हळू बोल," वडील म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

बाईंनी औषधाची बाटली आवाज न करता खाली ठेवली.