मधली रेघ

अंगणात सडा घालावा तसं धुरपताबाई रोज सकाळी कबड्डीच्या मैदानावर पाणी मारायची. तेही भांडी विसळलेलं. लातूर जिल्हा नवा झाला, गावोगाव पेढे वाटले, पण पाऊस काही फिरकला नाही. आडाचा तळ उघडा पडलेला, आणि ही बाई मैदानाला पाणी पाजते, म्हणून गल्लीत बाया नाकं मुरडायच्या.

"नसती थेरं," कुणी म्हटलंच तर तिचं उत्तर तयार असायचं. "तुमची पोरं पारावर तंबाखू मळत्यात, आमची मैदान मळत्यात. एवढाच फरक हाय."

कबड्डीचं नवजीवन मंडळ तिच्या थोरल्यानं, ग्यानोबानं काढलेलं. मुरुडच्या अलीकडच्या या गावात बौद्ध पोरांना कुणी खेळायला घेईना, तेव्हा त्यानं ओढ्याकाठची जागा साफ करून रेघा ओढल्या. मंडळाचा एक रिवाज होता: ज्या गावात जिंकायचं तिथली मूठभर माती रुमालात बांधून आणायची आणि आपल्या मैदानात मिसळायची. औशाची, निलंग्याची, एकदा तर पार हदगावची.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. मैदान तलावाच्या पोटात जाणार होतं. निदान वरची माती तरी वाचवावी म्हणून ग्यानोबा टोपलं घेऊन खाली उतरला आणि बाजूचा भराव त्याच्यावर ढासळला. बाहेर काढला तेव्हा तोंडात माती होती. धुरपताबाईनं ती पदरानं काढली. लोकांसमोर रडली नाही.

पुढं मंडळानं वर गावालगत नवं मैदान केलं, आणि आता धाकटा शुद्धोधन मंडळाचा कप्तान होता. त्याला हाक मारताना म्हातारीच्या तोंडात हटकून थोरल्याचं नाव यायचं.

"आत्याबाई, तुमचा ह्यो शुद्धोधन हाय," सून पंचशीला हसायची.

"तूच पोळपाटावर लिहून ठेव. मला कुठं वाचता येतंय!"

नव्या जिल्ह्याची पहिली स्पर्धा लातूरला ठरली, आणि त्याच महिन्यात तलाव आटून कोरडा पडला. धुरपताबाईनं फर्मान काढलं: जुन्या मैदानाची माती वर आणायची.

सिद्रामप्पा लिंगायत गल्लीतला म्हातारा पंच. ग्यानोबाच्या वेळेपासून शिट्टी त्याच्याच गळ्यात. तो चाचरत म्हणाला, "अक्का, ती माती राहू द्या की."

"का? चावती का?"

"तसं न्हाई. पण जिनं माणूस गिळलं..."

"अप्पा, धम्म घेतला तवाच देव बुडवले आन् त्यांच्यासंगं भुतंबी. तुमच्या घरात उरली असली तर तुमी सांभाळा."

बैलगाड्यांनी माती आली. पोरांनी ती पसरली, धुमसानं ठोकली, चुन्यानं रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीत पावलं दिसली. एकाच माणसाची, पलीकडच्या अर्ध्या भागातच. डाव्या पावलात अंगठ्याशेजारी मोकळी जागा होती.

धुरपताबाई वाकून बघत राहिली. लहानपणी कुऱ्हाडीनं ग्यानोबाचं तेच बोट गेलं होतं.

'कुणीतरी मेलं बोट मुडपून चाललंय,' तिनं मनात म्हटलं, आणि टाचेनं ठसे पुसले.

रोज पुसायची, रोज उमटायचे. ते मधल्या रेघेपर्यंत येत, पण रेघ ओलांडत नसत. पोरं तिकडच्या अंगाला उभी राहायला कुरकुरू लागली. पायाला गार लागतंय, म्हणायची. मे महिन्यात! तिनं पोरांना शिव्या घातल्या आणि आपण मात्र अलीकडूनच पाणी मारू लागली. तिचा विश्वास नव्हता. पाय तेवढा पुढं टाकवत नव्हता.

लातूरला जायच्या आदल्या दिवशी, उन्हं बाभळीवर असताना, शुद्धोधन दम वाढवायला एकटाच उतरला. समोर कुणी गडी नाही. रेघेशेजारी सिद्रामप्पा उभा होता, कडेला सासू-सून.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

तो शेवटच्या रेघेपर्यंत गेला. वळला. आणि थांबला.

डावा पाय मागं ताणलेला. घोट्याशी कुणी हात घालावा तसा.

"सोंगं पुरे!" धुरपताबाई ओरडली.

तो पालथा पडला. कोपरं टेकीत पुढं सरकला, मागं ओढला गेला. त्याच्या भोवती धूळ उडत होती. हवा पडलेली होती.

दम मात्र चालूच होता. इतका दम त्याच्या छातीत कधी नव्हता.

"अप्पा, शिट्टी मारा!"

सिद्रामप्पाच्या ओठात शिट्टी होती. ती काढून तो हळूच म्हणाला, "कुणाला बाद देऊ, अक्का?"

शुद्धोधनचा हात रेघेकडं लांबला. वीतभर कमी पडला. त्याचे डोळे आईवर होते.

धुरपताबाई धावत रेघेपाशी आली, गुडघ्यावर बसली आणि सगळा जीव एकवटून ओरडली,

"ये रे ग्यानोबा! ये माझ्याकडं!"

मागं पंचशीलेचं हसू नाही आलं. "आत्याबाई..." एवढंच ती म्हणाली.

दम तुटला.



मग त्या पालथ्या अंगातून नवा दम निघाला. "हुतूतू, हुतूतू..." गावातली पोरं हा खेळ हुतूतू म्हणून खेळायची, त्याला कैक वर्षं झाली होती.

तो सहज उठला, चालत आला, रेघ ओलांडली, आणि आईच्या गळ्यात पडला.

लातूरला नवजीवन मंडळ जिंकलं. शुद्धोधननं चढाईवर चढाई मारली. माती रुमालात बांधून आणली, पण मैदानात काही मिसळली नाही. मैदानाकडं तो फिरकेचना. "झालं आता खेळून," म्हणायचा. भाकरी खायचा, पंचशीलेशी बोलायचा, आईला दळण आणून द्यायचा. काही कमी नव्हतं.

एका सकाळी पंचशीला पाण्याला गेली होती. घर नुकतं शेणानं सारवलेलं. तो चुलीपासून दारापर्यंत चालत गेला. मागं ओल्या सारवणात पावलं राहिली. डाव्या पावलात अंगठ्याशेजारी मोकळी जागा.

धुरपताबाईनं तेल लावायच्या निमित्तानं त्याचा पाय मांडीवर घेतला. बोटं सगळी होती. एकेकाला तिनं तेल चोळलं.

सून यायच्या आत तिनं जमीन पुन्हा सारवली.

मैदानावर आता कुणी खेळत नाही. ती मात्र सकाळी पाणी मारते. पलीकडच्या भागात पावलं उमटतात. धडधाकट, सगळ्या बोटांची. शेवटच्या रेघेपासून मधल्या रेघेपर्यंत येतात आणि थांबतात.

आज पावलं नव्हती. रेघेच्या पलीकडं वीतभर अंतरावर हाताचा एक पंजा उमटला होता. बोटं अलीकडं ओढल्यासारखी लांबलेली.

ती खाली बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर नाव तिच्या जिभेवर आलं.

"माय," मागून आवाज आला. तो मैदानाच्या कडेला उभा होता, आत पाऊल न टाकता. "कुणाला हाक मारतीस?"

धुरपताबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग पंजाकडं.

"कुणाला न्हाई, बाबा."

आणि तिनं रेघेपलीकडं हात घालून तो ठसा पुसायला घेतला. भोवतीची माती गार होती. पंजाएवढीच तेवढी कोमट लागली.