कानेलाने मोडलेला विलाप

मानीच्या किनाऱ्यावर कुणी वारलं की आधी पाद्रीला निरोप जायचा आणि लगोलग कानेलाला. पाद्रीला उशीर झाला तर चालून जाई. कानेला आल्याशिवाय मात्र प्रेत हलत नसे. मेलेल्याच्या उशाशी बसून ती त्याचा अख्खा जन्म विलापात गायची, आणि दगडाच्या काळजाचे पुरुषही भिंतीकडे तोंड फिरवायचे. आपल्यासारखी दुसरी नाही, हे तिला ठाऊक होतं. ती ते लपवतही नसे.

त्या दिवशी कावोपेत्राचा म्हातारा याकूमिस गेला. कावोपेत्राला रस्ता नाही. कड्याच्या बेचक्यात दगडी बुरूजघरं आणि खाली थेट समुद्र. कानेलाला न्यायला तिच्याच बंदरातल्या लिगोरिसने होडी काढली. पोरगा तिशीतला, आईचा एकुलता, लाडका लिगोरी, आणि तोंडाने भलताच मोकळा.

"मावशी, माझ्या वेळी काय गाशील गं?"

"गाईन की, आळशी होता, तोंडाळ होता. नीट वल्हव! तुझ्या वेळेला मी कुठली असायला?"

ऊन लख्ख होतं, वारा पडलेला. भूशिराला वळसा घातला तसा पाण्याचा आवाज बदलला. कपारीत शिरलेली लाट लवकर बाहेर येईना; कुणी आत श्वास धरून बसावं तशी. खडकांवर वाळलेल्या मिठाचा वास दाटला होता.

होडी लागली. "मी इथेच थांबतो," लिगोरिस म्हणाला. "त्या बुरुजात मेणबत्त्यांनी जीव गुदमरतो माझा."

कानेला पायऱ्या चढून वर गेली. बुरुजाच्या तळघरात भरदुपारीही अंधार होता. मेणाचा, धुपाचा आणि प्रेत पुसलेल्या दारूचा आंबूस वास येत होता. भिंतीशी काळे रुमाल बांधलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. मृताची बहीण पोतिता पुढे सरकली आणि तिने कानेलाला उशाशी जागा करून दिली.

कानेलाने सूर लावला.

*ऊठ ऊठ याकूमिस, पाहुणी आली दारी,*
*जाळी वाळत पडली तुझी, कोण उचलील सारी?*

बायका हुंदके देऊ लागल्या. कानेला दम घ्यायला थांबली. एक थांबली की दुसरीने उचलायचं, अशीच तिथली रीत. कुणीतरी उचललं. आवाज खोल होता, रडून रडून सोलवटलेला.

*होडी आली रिकामी गं, वल्ही आली दोन,*
*माझ्या लिगोरीला आता हाक मारील कोण?*

कानेलाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने बायकांच्या ओळीवरून नजर फिरवली. एकीचेही ओठ हलत नव्हते. आणि आवाज थांबत नव्हता.

*सदरा शिवला ईस्टरला, गुंडी लावायची राही,*
*घालू कुणाला सदरा बाई, अंगच हाती नाही.*

हा आईचा विलाप होता. पण लिगोरिसची आई एलेंगो तर तिकडे आपल्या बंदरात, जिवंत, सुखरूप होती! आणि लिगोरिस खाली किनाऱ्यावर बसलेला…

जिवंताच्या नावाचा विलाप शेवटच्या कडव्यापर्यंत गेला, की तो माणूस हातचा गेला, हे मानीतलं शेंबडं पोरही सांगेल. पायऱ्या उतरून धावायला वेळ नव्हता. कानेलाकडे एकच हत्यार होतं, तिचा गळा. ती ताडकन उभी राहिली, तिने टाळ्या पिटल्या आणि प्रेताच्या उशाशी लग्नाचं गाणं सुरू केलं.

*होडी आली भरून गं, वऱ्हाड बसलं दाटून,*
*नवरदेव लिगोरी, सदरा आलाय घालून!*

"कानेला!" पोतिता किंचाळली. "प्रेत आहे समोर! लाज सोडलीस?"

तो आवाज वर चढला. कानेला त्याच्याही वर गेली. पोतिताने तिचा दंड धरून दाराकडे ओढलं. ओढता ओढता ती गातच राहिली, टाळ्या वाजवतच राहिली. उंबऱ्यापाशी दुसरा आवाज एकाएकी तुटला. ओळीच्या मधेच.

"पुन्हा या गावात पाऊल टाकू नकोस," पोतिता थरथरत म्हणाली.

"नाही टाकणार. पण ती दुसरी कोण गात होती, तेवढं सांग."

"दुसरी…?" पोतिताचा राग ओसरला. ती एक पाऊल मागे सरली. "दुसरी कुणी नव्हती, बाई. तू मधेच गप्प झालीस… कान देऊन बसल्यासारखी."

कानेला पायऱ्या उतरत खाली आली. होडी पाण्यावर डुलत होती. होडीत कुणी नव्हतं.

"लिगोरी!"

खडकाआडून कण्हण्याचा आवाज आला. तो चारी हातापायांवर रांगत बाहेर येत होता. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे पडलेले.

"नांगर अडकला म्हणून बुडी मारली… दोरी पायाला गुंडाळली गेली. सुटेचना, मावशी. डोळ्यांपुढे अंधार आला, आणि मग आपोआप ढिली झाली." तो खारट पाणी थुंकला आणि हसायचा प्रयत्न करू लागला. "वर येतो तर तू लग्नाचं गाणं गातेयस! म्हटलं, मेलो वाटतं, स्वर्गात माझं लग्न लावताहेत."

कानेलाने त्याच्या कानफटात एक मारली, आणि मग त्याला उराशी घट्ट धरलं.

परतताना एक वल्हं तिने स्वतः मारलं. चार दिवसांत किनाराभर बोभाटा होणार होता, की म्हातारीला वेड लागलं, मयतावर लग्न गायली. होऊ दे. गेलेलं नाव ती पुन्हा कमावणार होती. गळा शाबूत होता. पोर समोर बसलं होतं, शिव्या देत होतं, थंडीने कुडकुडत होतं. याहून मोठा विलाप ती आजवर गायली नव्हती.

बंदरात पोचले तेव्हा उन्हं नुकती कलत होती. एलेंगो धक्क्यावरच उभी होती. लेकाचा ओला अवतार पाहून तिने त्याला कवटाळलं, बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"दुपारी जरा डोळा लागला," ती कुजबुजली. "उठले तर घसा असा बसलेला… कुणाशी शब्दही बोलले नव्हते बघ."

कानेला घाईने पुढे झाली. "गरम पाणी पी. आणि बोलू नकोस."

"दुखत नाही गं, कानेला…" एलेंगोने गळ्यावरून बोटं फिरवली. "नुसतं अडकल्यासारखं वाटतंय. काहीतरी म्हणायचं राहून गेलंय… शेवटचं."

आणि लेकाकडे बघत ती तळघरातल्या त्याच सुरात हलकेच गुणगुणू लागली.

कानेलाने झटकन तिच्या तोंडावर हात दाबला. तळहाताखाली एलेंगोचे ओठ हलतच राहिले.