वाळूखालचं चेंबर

आधीच सांगून टाकते, ही गोष्ट खरी आहे. मित्राच्या मित्राची नाही, माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे. आणि मावशी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. समोरचा सांगतो ते चुकीचंच धरून चालायचं, हे तिचं कामच आहे.

ज्यांना वाटतं असल्या गोष्टी रात्रीच घडतात, त्यांनी तर नक्की वाचा.

ही भर दुपारी घडली.

१४ मे २००६. रविवार. पुण्याजवळचं मांजरी.

तेव्हा मांजरीत उसाचे फड मोडून धडाधड सोसायट्या उभ्या राहत होत्या. आम्रपाली मावशीनं तिथं रो-हाऊस घेतलं होतं. नऊ नंबरचं, गल्लीतलं शेवटचं. त्याच्यापुढे रिकामा प्लॉट, आणि प्लॉटमध्ये बिल्डरनं टाकून दिलेला वाळूचा ढीग. इतका जुना की त्यावर गवत उगवलं होतं.

मावशीसोबत तिचे वडील राहायचे. म्हणजे माझे रतन आजोबा, तिचे अण्णा. आजोबांनी तीस वर्षं ठेकेदारांच्या हाताखाली ड्रेनेजचं काम केलं. चेंबरमध्ये उतरून, कमरेइतक्या मैल्यात उभं राहून. त्या कामानं छाती खाल्ली त्यांची. चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची.

नव्या घरात आणताना मावशीनं त्यांना एकच अट घातली होती. चेंबरच्या झाकणाला पुन्हा हात लावायचा नाही. ते काम आपल्या घरातून गेलं ते गेलं. आजोबांनी शब्द दिला होता.

आदल्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. नव्या घरातली पहिली. चाळीस माणसं जेवली, दोन पातेली खीर झाली, दिवसभर नळ सुरू. आणि रविवारी सकाळी बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर यायला लागलं.

बारापर्यंत ते हॉलच्या उंबऱ्याला टेकलं.

सोसायटीचे सेक्रेटरी श्रीनिवासकाका रुमाल नाकाला लावून बघायला आले. नारायण पेठेतून नुकतेच राहायला आलेले. म्हणाले, "काल ड्रेनेजलाही आमंत्रण होतं वाटतं." मावशी हसली नाही. मग ते जाता जाता अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "रविवारी कोण मिळणार आता? पण तुमच्या वडिलांना यातलं कळतं म्हणे. काल तुमचे पाहुणेच सांगत होते."

मावशीनं शांतपणे गेट उघडून धरलं. "माझे वडील निवृत्त आहेत. या आपण."

तिनं दहा फोन केले. शेवटी संजय प्लंबर कबूल झाला. दीडच्या सुमाराला तो आला, पहार आणि बांबूच्या पट्ट्या घेऊन. दहा-दहा फुटांच्या पाच पट्ट्या, तारेनं एकीला एक बांधलेल्या. गेटजवळचं झाकण पहारीनं उचकटलं, तर चेंबर काठोकाठ भरलेलं.

आजोबा आत त्यांच्या खोलीत झोपले होते. मावशीनं मुद्दाम उठवलं नव्हतं.

संजयनं विचारलं, पुढचं चेंबर कुठंय? मावशीनं प्लॉटकडे बोट केलं. त्या वाळूखाली. बिल्डरच्या नकाशात होतं, उघडं कुणी कधी पाहिलं नव्हतं. संजय म्हणाला, राहू दे, इकडूनच घालतो.

एक पट्टी गेली. दुसरी. तिसरी. चौथी.

पाचवी अर्धी आत गेली आणि अडकली. संजयनं जोर लावला. हलेना. तो घाम पुसायला थांबला. हात सोडून.

आणि पट्टी...

आपोआप आत सरकली.

एक वीतभर.

संजय बघत राहिला. मावशीला वाटलं, पाण्याच्या ओढीनं असेल. पण चेंबरमधलं पाणी तर थिजल्यासारखं होतं. साधी लहरसुद्धा नव्हती.

संजयनं पट्टी पकडली. आणि पलीकडून... दोन हिसके आले. छोटे, एकामागून एक. कुणीतरी टोक हातात धरून द्यावेत तसे.

"मॅडम, पलीकडं कोणाला उभं केलंय का?"

मावशी गेटबाहेर जाऊन प्लॉटमध्ये बघून आली. वाळूचा ढीग होता तसाच. गवत होतं तसंच. पायाचा ठसा नाही, माणूस नाही, ऊन नुसतं रखरखत होतं.

ती परत आली तेव्हा संजय स्कूटरला किक मारत होता. पहार इथंच, पट्ट्या इथंच. "हे माझ्याच्यानं होणार नाही," एवढंच म्हणाला. पुन्हा कधी त्यानं मावशीचा फोन उचलला नाही.

गल्ली रिकामी झाली. सगळ्यांची दारं बंद, पंखे सुरू.

"खेच आली का?"

मावशीनं दचकून वळून पाहिलं. आजोबा मागे उभे होते. बनियनवर, अनवाणी. ती त्यांना आत ढकलणार, तेवढ्यात पट्टी पुन्हा हलली.

या वेळी हिसका नव्हता.

एक लांब... सावकाश... ओढ.

आजोबा खाली बसले आणि त्यांनी पट्टी पकडली. मावशी सांगते, त्यांनी विचार केलाच नाही. हातानं आपणहून उत्तर दिलं. दोन छोटे हिसके.

मग आपण काय केलं ते त्यांना कळलं. चेहरा राखेसारखा झाला.

"हा हिंदुराव आहे," ते म्हणाले.

हिंदुराव आजोबांचा जोडीदार. एकोणीस वर्षं दोघांनी बरोबर काम केलं. एक या चेंबरमध्ये, दुसरा पुढच्या. मध्ये बांबू. आतून हाक ऐकू जात नाही, म्हणून दोघं बांबूनं बोलायचे. दोन हिसके म्हणजे मी ठीक आहे. एक लांब ओढ म्हणजे ये.

१९८९ मध्ये स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत हिंदुराव चेंबरमध्ये गुदमरून गेला. गॅस होता. घरात सगळ्यांना माहीत होतं ते. आजोबांनी ठेकेदाराला, पोलिसांना आणि हिंदुरावच्या बायकोला, हिराकाकूला, एकच सांगितलं होतं. आतून काही खूण आलीच नाही.

"आली होती," आजोबा म्हणाले. "एक लांब ओढ आली होती, आम्रपाली. मी काठावर होतो, वरूनच वास आला गॅसचा. तुम्ही दोघी पोरी डोळ्यांसमोर आल्या. मी बांबू सोडून दिला."

मावशी तेव्हा सातवीत होती. त्या दिवशी संध्याकाळी अण्णा घरी आले होते, म्हणून ती शिकली, म्हणून हे घर. सगळं त्या सुटलेल्या बांबूवर उभं.

आजोबांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. कामावर निघताना आजीच्या हातात द्यायचे तसाच. पहार उचलली. आणि प्लॉटकडे चालू लागले.

बासष्ट वर्षांचा माणूस, चार पायऱ्यांत दमणारा. तो त्या उन्हात हातांनी वाळू उपसायला लागला. मावशीनं दंड धरले, विनवण्या केल्या, रडली. त्यांनी तिला झटकून टाकलं. जन्मात कधी अंगाला हात लावला नव्हता त्यांनी.

"अण्णा, मराल तुम्ही आत."

"तेव्हाच जायचं होतं," ते म्हणाले आणि उपसत राहिले.

वाळूतून लोखंड वाजलं. झाकण लागलं होतं.

मावशी मदतीसाठी ओरडली. एकही दार उघडलं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेलं चेंबर, आत काय हवा असणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. लहानपणी झोपताना हेच ऐकलं होतं तिनं. आजोबांनी झाकणाच्या फटीत पहार घातली.

आणि इकडे, गेटजवळ, पट्टी थडथडत होती. ओढ... पुन्हा ओढ... पुन्हा ओढ. आता सावकाश नाही. घाईनं.

मावशी धावत आली. तिला एकच सुचलं. तिनं पट्टी दोन्ही हातांनी घट्ट पकडली आणि सगळा जोर लावून आपल्याकडे ओढली.

एकदा. लांब.

म्हणजे, अण्णा येणार नाहीत. तूच ये.

पट्टी थांबली.

ती सांगते, त्या वेळी कुठलाच आवाज नव्हता. पंख्यांचा नाही, कावळ्यांचा नाही, रस्त्यावरच्या टेम्पोचा नाही. कापूस घातल्यासारखे कान झाले होते.

मग पट्टीचं वजन एकदम गेलं... आणि चेंबरमधलं सगळं पाणी घुसळून, गर्जना करत खाली निघून गेलं. मिनिटभरात तळ दिसायला लागला.

प्लॉटमध्ये आजोबांनी झाकण उघडलं होतं. ते काठावर गुडघ्यांवर बसून आत बघत होते. आत नुसतं पाणी वाहत होतं.

"गेला," ते म्हणाले. "इथं नाही तो."

दोघांनी मिळून पट्ट्या बाहेर ओढल्या. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सहावी. काळी पडलेली, कुजकी, तारेनं नाही तर सुतळीनं बांधलेली. आजोबांनी हिंदुरावची गाठ ओळखली. मावशीकडे बघितलं.

"तू काय केलंस?"

तिनं सांगितलं. आजोबा तिथंच जमिनीवर बसले. कितीतरी वेळ उठले नाहीत.

पण जिवंत होते. मावशीला तेवढंच हवं होतं.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी मावशीनं ताप म्हणून सुट्टी घेतली होती. दुपारी दोन वाजता खालच्या बाथरूममध्ये पाण्याचा आवाज आला. तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचा. तिला वाटलं अण्णा असतील.

अण्णा तिच्यासमोर खुर्चीत बसले होते.

पाणी... थांबलं. मग साबण चोळल्याचा आवाज. खसाखसा, खूप वेळ. अंगाचा वास जाता जात नाही तेव्हा माणूस चोळतो तसा. मग पुन्हा पाणी.

तिनं दार ढकललं. आत कुणी नाही. फरशी कोरडी ठक्क.

फक्त रविवारी काढलेली साबणाची नवी वडी झिजून चपटी झाली होती.

बुधवारीही तेच. गुरुवारीही.

शनिवारी आजोबा म्हणाले, मला हिराकडे घेऊन चल. सतरा वर्षांचं खोटं आहे, ते आता सांगून टाकतो. मावशीनं नाही म्हटलं नाही. त्यांना मोकळं वाटलं तर बरंच, असं तिला वाटलं. ते दोघं हिराकाकूच्या वस्तीत गेले. एका खोलीचं घर. हिराकाकू दारातच बसली होती, जणू वाटच बघत होती. शेजारी मोरीत एक बादली, काठोकाठ भरलेली. पाण्यावर धुळीची साय आली होती.

आजोबांनी हात जोडले. ते तोंड उघडणार, त्याआधी तीच बोलली.

"रतनभाऊ, खूण आली व्हती, मला ठाव हाय. त्यानंच सांगितलं. माझा राग न्हाई."

आजोबांचे जोडलेले हात खाली आले.

"सतरा वरसं रोज दुपारी येतो तो," हिराकाकू म्हणाली. "बोलत न्हाई फारसा. मोरीत जातो, आंघोळ करतो, जातो. मी बादली भरून ठिवते. तेवढाच सोबतीला." मग तिनं मोरीकडे बघितलं. "पण गेल्या रविवारपासून आला न्हाई. पाणी तसंच ऱ्हातंय."

आणि तिनं मावशीचा हात धरला.

"पोरी, तुमच्याकडं हाय का गं तो?"

मावशी सांगते, त्या बाईचे डोळे तिला आजही दिसतात. आजोबा काही बोलणार होते. मावशीनं त्यांना बोलू दिलं नाही.

"नाही काकू," ती म्हणाली. "आमच्याकडे कोणी नाही."

आजोबांनी अखेरपर्यंत तिला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. ते पाच वर्षं जगले आणि आपल्या अंथरुणात, झोपेत गेले. हिराकाकू त्यांच्या आधीच गेली. शेजारचे सांगत होते, शेवटच्या दिवशीही तिनं बादली भरली होती.

हे सगळं मावशीनं मला मागच्या सुट्टीत सांगितलं. मी तिला विचारलं, तेव्हाच खरं का नाही सांगितलंस? बिचारीला निदान कळलं तरी असतं.

मावशीनं भाजीचं ताट पुढे ओढलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर अण्णा चेंबरमध्ये उतरून त्याला घरी पोचवायला निघाले असते."

मी असले प्रश्न विचारण्यात पटाईत आहे, पण उत्तर मिळाल्यावर काय करायचं ते मला अजून येत नाही.

दुपार होती. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं. आणि खालच्या बाथरूममध्ये...

पाणी पडायला लागलं.

मावशी भाजी निवडत राहिली. मीही तिच्या ताटातली जुडी घेतली आणि निवडायला लागले. पाणी थांबेपर्यंत आम्ही दोघींनी मान वर केली नाही.